खाटकाची सूनबाई

बोल्ता म्हणजे कुऱ्हाड. त्याच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईने चौथ्याची नाळ उंबऱ्यावर कुऱ्हाडीने तोडली आणि नावही तेच ठेवलं. मरण लोखंडाला बिचकतं, असं फरगाण्याच्या बायका मानतात. मरण बिचकलं खरं. पण पोर नावाला असं जागलं, की पुढे पन्नास वर्षं तोलझोर गावात त्याच्या हातून काही ना काही तुटतच राहिलं.

धंद्याने तो खाटीक. लग्नाचा मेंढा तो एका गुडघ्याखाली घ्यायचा आणि मेंढ्याने ओरडायच्या आत काम संपलेलं असायचं. गावात म्हणत, बोल्ताची सुरी दुखत नाही, बोल्ता दुखतो. त्याने चुलत्याचा दात पाडला होता, घोड्यावरच्या खेळात एकाची बोटं चिरडली होती, आणि एकदा नुसत्या हसण्यावरून चहाखान्याचा दरवाजा माणसासकट बाहेर काढला होता.

शेजारी तुर्दीच्या बहिणीच्या लग्नात तर कहर झाला. कापलेल्या जनावराचं कातडं खाटकाचं, हा आजोबा-पणजोबांपासूनचा रिवाज. तुर्दीने ते मेव्हण्याला देऊन टाकलं. बोल्ताच्या हातात सुरी घासायची लोखंडी कांब होती. ती त्याने तुर्दीच्या जबड्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज वाजंत्रीतही ऐकू आला म्हणतात.

दीड वर्षाची कैद झाली. त्यातच बायको, सलोमत, छातीच्या दुखण्याने गेली. तिच्या मातीलाही त्याला सोडलं नाही. तो परतला तेव्हा गावच्या वडीलधाऱ्यांनी त्याच्या हातात तंदूरची गोल रोटी दिली. ती डोळ्यांना लावून तो म्हणाला, "पुन्हा माणसावर हात उगारला, तर ही रोटी मला मारो." आमच्याकडे याहून मोठी शपथ नाही. तुर्दी समोर बसला होता. वाकड्या जुळलेल्या जबड्याने तो एका बाजूने चहा पीत होता. त्याने मान हलवली. त्यानंतर चौदा वर्षं दोघांत एकच मातीची भिंत होती आणि शब्द एकही नव्हता.

शपथ माणसांपुरती होती. घरी आल्यावर बोल्ता रिकाम्या खाटेला लाथा मारी, गाढवाला मारी. एका वसंतात तो जळणासाठी पऱ्हाट्यांचा ढीग उपसत होता, तर आतून फुसकारा आला. साप समजून त्याने अनवाणी पायाने जीव खाऊन लाथ घातली. तो होता काटेचुवा, साळिंदरासारखा काटेरी पण ओंजळीत मावणारा, लांब कानांचा. त्याचा चेंडू झाला आणि वीसेक काटे बोल्ताच्या तळपायात घुसले. बोल्ताने शिवी हासडून मूठ मारली. मूठही रक्ताळली. काटेचुवा मात्र होता तसाच गोल.

बोल्ता पाय धरून मातीत बसला. आयुष्यात त्याने मारलं होतं आणि रक्त दुसऱ्याचं आलं होतं. हे पहिल्यांदाच उलटं झालं. बऱ्याच वेळाने चेंडूतून एक ओलं नाक बाहेर आलं, वास घेतला, आणि ते जनावर त्याच्या रक्ताळलेल्या पायाशेजारून, घाई न करता, निघून गेलं. त्या दिवशी बोल्ता हसला. भिंतीपलीकडे तुर्दीच्या आईने, निसो-बुवीने, ते ऐकलं आणि सुनेला सांगितलं, "खाटीक वेडा झाला गं. दाराला कडी लाव."

ढीग त्याने तसाच राहू दिला. संध्याकाळी बशीभर दूध ठेवलं. पाहुण्याला आधी पांढरं द्यावं, हा आमचा शिरस्ता. दूध न पचून तो काटेचुवा हगून हगून तिसऱ्या दिवशी मेला. पुढच्याला बोल्ताने उथळ ताटलीत पाणी आणि बारीक चिरलेलं फुफ्फुस दिलं. तो जगला. पाठोपाठ मादी आली. तिला तो सूनबाई म्हणू लागला. मुलगा नसलेल्या घरात सून आली म्हणून. आधी लोक हसले. मग एके दुपारी सूनबाईने जर्दाळूच्या झाडाखाली हातभर विषारी सापाला गाठलं. साप डसे आणि डसताना स्वतःचंच तोंड फाडून घेई. ती काटे पुढे करून थांबे, तो दमला की कमरेत चावे. मणका तुटला, तरी साप वळवळत होता. तिने शेपटीकडून खायला सुरुवात केली. कुंपणावरून पाहणाऱ्या बायकांनी तोंडावर पदर घेतले. बोल्ताने मात्र धंद्यातल्या माणसाने धंद्यातल्या माणसाला द्यावी तशी मान तुकवली.

पण सगळ्यांत भयंकर गोष्ट त्याने स्वतःच्या हाताने केली. सूनबाई पहिल्यांदा व्यायली, तेव्हा कौतुकाने त्याने एक गुलाबी पिल्लू तळहातावर घेऊन पाहिलं आणि परत ठेवलं. सूनबाईने हुंगलं. पिल्लाला माणसाचा वास लागला होता. तिने ते त्याच्या डोळ्यांदेखत खाल्लं, मग उरलेली चारही. जन्मभर रक्तात हात घालणारा माणूस जर्दाळूच्या बुंध्याशी ओकला. तेव्हापासून व्यायलेल्या सूनबाईच्या वाटेला त्याने सावलीही जाऊ दिली नाही.

तोलझोरला पाणी बागेबागेतून जातं. पाटाची चारी एकाच्या आवारात शिरते, आणि भिंतीच्या पोटातल्या भोकातून दुसऱ्याच्या. चारी कोरडी असली, की त्याच भोकातून काटेचुवे गावभर फिरतात. शपथेनंतरच्या चौदाव्या उन्हाळ्यात कालव्याच्या दुरुस्तीसाठी पाट महिनाभर बंद झाला. बोल्ताच्या आणि तुर्दीच्या मधली भिंत दीड हात जाड, भोक गार. बोल्ताने हौसेने त्यात गवत आणि जुन्या रजईचा कापूस भरला. चौथ्याच दिवशी सूनबाई तिथे व्यायली.

पिल्लांचे डोळे उघडून ती स्वतः त्यांना हलवेपर्यंत अठरा दिवस हवे होते. बोल्ता पाटकऱ्याकडे गेला. पाटकरी म्हणाला, "वीस दिवस पाणी विसर." शेजारी नवं भोक पाडता आलं असतं. पण भिंत दोघांची, तुर्दीला विचारावं लागलं असतं. बोल्ताने पाटकऱ्याला विचारलं, तुर्दीला विचारलं नाही. चूक झाली ती इथे.

बाराव्या दिवशी भर दुपारी, ठरल्याच्या आधीच, पाणी आलं.

चारीतून गढूळ जीभ सरकत येताना त्याने पाहिली आणि तो धावला. मातीची ढेकळं, अंगातला चामडी अंगरखा, जे हाताला लागलं ते त्याने भोकाच्या तोंडाशी कोंबलं आणि पाठ लावून बसला. पाणी अडलं. आधी कांद्याच्या वाफ्यात चढलं, मग अंगणात, मग घराच्या मातीच्या पायाकडे वळलं.

तुर्दीच्या काकड्या तीन आठवड्यांच्या तहानलेल्या. पाळी दोन तासांची. अर्धा तास त्याने कोरड्या चारीकडे पाहिलं. मग गोल पात्याचं जड खोरं खांद्यावर टाकून तो गल्लीतून वळसा घालून आत आला.

"ऊठ, खाटका."

चौदा वर्षांतला पहिला शब्द तो.

"आत सूनबाई आहे. पिल्लं आहेत."

"माझ्या घरात सहा तोंडं आहेत. ती काय काटे खातील?"

"हलवता येत नाहीत, तुर्दी. हात लागला तर ती खाते त्यांना."

"मग तुझ्याच जातीची आहे. ऊठ!"

बोल्ता उठला नाही. तुर्दीने खोऱ्याची पाठ त्याच्या खांद्यावर हाणली. खुब्याच्या हाडाचा आवाज वेगळा, बरगडीचा वेगळा. खाटकाला ते शिकवावं लागत नाही. हा आवाज गळपट्टीच्या हाडाचा, हे बोल्ताला दुखायच्या आधी कळलं.

"मार ना उलटा!" तुर्दी ओरडला. वाकड्या जबड्यातून थुंकी उडत होती. "जबडा मोडतोस तेव्हा हात उठतो ना तुझा? का रोटी मारेल म्हणून फाटली?"

दुसरा घाव कुशीत बसला. तिसरा मांडीवर. बोल्ताने गुडघे पोटाशी घेतले, डोकं आत घातलं. भिंतीला शिडी लावून वर आलेली निसो-बुवी किंचाळली, "अरे मरेल तो! बघ तरी, हासुद्धा काटेचुवाच झालाय!"

चौथा घाव पाण्यात निसटला. पात्याची धार भोकात कोंबलेल्या अंगरख्यातून आत गेली आणि गवतात काहीतरी अगदी बारीक चिरकलं. भोकातून सूनबाई बाहेर आली. पाठीवर एका बाजूचे काटे रक्ताने चिकटलेले. ती फुसकारली आणि उसळून तुर्दीच्या उघड्या घोट्यावर आदळली. तुर्दी बोंबलला. त्याने खोरं डोक्यावर नेलं.

तेव्हा बोल्ता उठला. उजवा हात लोंबत होता. डाव्या हाताने त्याने बुटातून सुरी काढली. तुर्दीने खोरं तसंच वर धरलं होतं आणि त्याचा गळा उघडा होता. मेंढ्याच्या गळ्यावर जिथे बोट ठेवलं की ठोका लागतो, ती जागा बोल्ताला दिसत होती. त्याच्या ओठांवर गव्हाच्या रोटीची चव आली, असं त्याने पुढे सांगितलं. माझा त्यावर विश्वास आहे.

सुरी त्याने चिखलात फेकली. तुर्दीच्या हातून खोरं हिसकावलं. तुर्दीने डोळे मिटले.

घाव भिंतीत बसला. तीन हातांवर, भोकापासून दूर. डाव्या एकाच हाताने, मोडक्या हाडाने, जनावरासारखा हुंकारत बोल्ता बापाने बांधलेली भिंत तोडू लागला. भिजलेली माती लगद्यासारखी निघत होती. तुर्दी पाहत उभा राहिला. मग तो धावत गल्लीतून परत गेला, आणि जरा वेळाने भिंतीच्या त्या बाजूनेही दुसऱ्या खोऱ्याचं धप् धप् सुरू झालं. आवाजाला शिव्यांची साथ होती. एकमेकांच्या आईबापांचा उद्धार करीत दोघं दोन बाजूंनी एकाच भिंतीला मारत होते. शेवटी ती कमरेपर्यंत कोसळली आणि पाणी भगदाडातून काकड्यांकडे धावलं.

बोल्ता तिथेच पाण्यात पडला. त्याला दवाखान्यात नेणारी हातगाडी तुर्दीने ढकलली.

हाड वाकडंच जुळलं. आठवडाभर बोल्ताने भोकाकडे पाहिलं नाही; आत रिकामं गवत दिसेल या भीतीने जेवणही जाईना. नवव्या दिवशी भगदाडापलीकडून हाक आली.

"खाटका! तुझी सून माझ्या काकड्यांत फिरतेय."

बोल्ता खाटेवरून उठला. "एकटी?"

"मागे तीन आहेत. एक लंगडतंय."

"काकड्या खात नाहीत ती. किडे खातात."

"ते मला दिसतंय. आंधळा नाही मी. जबडा वाकडा आहे, डोळे नाहीत."

भिंत कोणी बांधली नाही. शरद ऋतूत तुर्दीच्या नातवाच्या सुंतेचं जेवण झालं. मेंढा डाव्या हाताने बोल्तानेच कापला, आणि पहिल्यांदाच मेंढा ओरडला. दुपारी बोल्ता अंगणात खांदा शेकत बसला होता, तर भगदाडातून काहीतरी जड, ओलं, धप्पकन येऊन पडलं. कातडं होतं. पलीकडे पावलं दूर गेली.

बोल्ताने ते विकलं नाही. खारवून, वाळवून पऱ्हाट्यांच्या ढिगावर लोकर खाली करून पसरलं. त्या हिवाळ्यात सूनबाई त्याच्याच खाली झोपली.