तीन पानांचा अर्धा डॉलर

मला पुण्याच्या एका इंजिनिअरने फसवलं. माझं तीन पानांचं नाणं त्याने नेलं आणि दोन पानांचं आणून दिलं. वर दोष माझ्या बायकोवर टाकला. घडलं ते एवढंच.

मी दोहाला गेलो तेव्हा सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं. साताऱ्याकडचा, आयटीआय झालेला, एसी दुरुस्त करणारा. काही वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काढली, मग कफिलाच्या, म्हणजे तिथल्या जामीन अरबाच्या, नावावर स्वतःचं काम सुरू केलं. एक पिकअप, दोन माणसं. बायकोला आणलं. जुन्या विमानतळाच्या मागे दोन खोल्या होत्या, तिथे आम्ही राहायचो.

हा इंजिनिअर अल हिलाल भागात कंपनीच्या व्हिलात राहायचा. त्याच्या खिडकीतल्या एसीचं पाणी खालच्या कपाटावर गळत होतं. मी कपाट सरकवलं तसा तो माझ्यावर ओरडला. मी कुणाचं ऐकून घेणारा नाही, मीही ओरडलो. मग कळलं की कपाटात नाणी आहेत. मखमलीच्या ट्रेमध्ये, एकेक वेगळं. अमेरिकेतली जुनी चांदीची. मी बघतोय म्हटल्यावर त्याचा राग गेला आणि तो समजावायला बसला.

"त्या काळी तिकडच्या टांकसाळीत ठसे हातानेच व्हायचे. नाण्यावरच्या बाईचं डोकं एकदा, तारे वेगळे, आकडे वेगळे ठोकायचे. ठसा फुटला की दुसरा करायचा. म्हणून एकाच सालच्या दोन नाण्यांत तारा इकडेतिकडे सरकलेला असतो, आकडा तिरका असतो. ते ओळखायचं."

"म्हणजे कंपनी एकच, मॉडेल एकच, पण आतली फिटिंग वेगळी," मी म्हणालो.

"अगदी बरोबर, एसीवाले!"

तो मला कायम एसीवाले म्हणायचा. मी मनावर घेतलं नाही. त्याच्याकडे भिंग होतं, फोटोंचं जाड पुस्तक होतं. मला ती विद्या लवकर आली. फुकट मिळालेलं मला नेहमीच लवकर येतं.

बाजारात मात्र तो कच्चा. त्याचा इस्त्रीचा शर्ट बघूनच दुकानदार भाव चढवायचा, आणि हवं ते नाणं हातात आलं की ह्याचा चेहरा उजळायचा. म्हणून मी एकटाच जायला लागलो. सूकमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या बाजारात, एक म्हातारा येमेनी बसायचा. वाळवंटातल्या बदाऊ बायकांचे मोडके दागिने घेऊन वितळवायचा. त्याच्याकडे बिस्किटांच्या डब्यात सुटी नाणी असायची. बहुतेक ऑस्ट्रियाच्या जाड राणीचे मोठे चांदीचे रियाल, पूर्वी सगळ्या आखातात चालायचे ते. एकदा त्यात एक लहान नाणं दिसलं. मोकळ्या केसांची बाई, खाली १७९५. मागे हारात उभा बारीकसा गरुड.

मी डब्याकडे पाठ केली आणि एक पैंजण उचललं.

"हे? ह्यात अर्धं पितळ आहे, चाचा."

"पितळ तुझ्या डोक्यात!"

"खलास. मी चाललो."

"यल्ला, बस. चहा पी, मग जा."

दुसरा चहा संपेपर्यंत आमचं भांडण चाललं. पैंजण मला नकोच होतं. भाव ठरला तेव्हा मी म्हणालो, "वर काहीतरी टाक. पोराला खेळायला एखादं नाणं." पोर तेव्हा आम्हाला नव्हतं. त्याने जाड राणी पुढे केली. मी म्हटलं, "एवढं मोठं नको, ते बारकं दे."

त्याने उलटसुलट करून बघितलं. "ह्या बाईने तर केससुद्धा विंचरले नाहीत."

"फुकटात विंचरलेली कुठून मिळणार?"

तो हसला आणि नाणं माझ्या हातावर आपटलं.

घरी भिंग लावलं. गरुडाच्या प्रत्येक पंखाखाली हाराची पानं असतात. त्या सालच्या अर्ध्या डॉलरवर बहुतेक दोनच सापडतात. माझ्यावर तीन होती. डाव्या पंखाखाली तीन, उजव्या पंखाखाली तीन. इंजिनिअर बघायला आला, त्याने बघितलं आणि चहाचा कप खाली ठेवला.

"विकता?"

"नाही."

तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. मी नाहीच म्हणत राहिलो. त्या देशात माझं काम कफिलाच्या नावावर, खोली मालकाच्या नावावर, पासपोर्टसुद्धा कफिलाच्या कपाटात. माझं म्हणून सांगावं असं ते एक नाणं होतं. मी ते शोधलं होतं, मी ते ओळखलं होतं.

दिवाळीच्या तोंडावर तो म्हणाला, "दोन दिवस द्या. पुढचा ठसा कुठला आणि मागचा कुठला, पुस्तकाशी ताडून बघतो." मी दिलं. अमेरिकेची नाणी जमवणारा माणूस, आपल्याकडचा, पुण्याचा. दिलं.

धनत्रयोदशीला दुपारी मी कुणाच्या तरी गच्चीवर मशीन उघडून बसलो होतो. तेवढ्यात तो आमच्या घरी येऊन नाणं बायकोकडे देऊन गेला, पातळ कागदात गुंडाळून. तिने देवाची चांदी घासायला काढली होती. निरांजन, तबक, करंडा, तिच्या माहेरचा रुपया. त्यातच हेही घेतलं. चिंच, मीठ, वरून रांगोळी. आमच्याकडे काळी चांदी लक्ष्मीसमोर ठेवत नाहीत. जमवायचं नाणं धुवायचं नसतं, हे मला माहीत होतं. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी मी आलो तर नाणं लखलखत होतं. पूजा झाल्यावर एकदा भिंग लावलं. डावीकडे दोन पानं. उजवीकडे दोन पानं.

पाडव्याला इंजिनिअर फराळाला आला. मी नाणं त्याच्या पुढ्यात ठेवलं. त्याने भिंग डोळ्याला लावून बराच वेळ बघितलं.

"वहिनी, घासलंत का हो हे?"

"हो भावजी. चिंच लावून. काळं पडलं होतं ना."

"अरेरे." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "गेलं पान. जुनी चांदी मऊ असते हो. एवढी वर्षं टिकलं आणि आपल्याकडे येऊन..." मग हसला. "जाऊ द्या, लक्ष्मीने एकेक पान ठेवून घेतलं म्हणायचं!" आणि त्याने आणखी एक चकली उचलली.

मी त्याच्यासमोर बायकोला बोललो. काय बोललो ते इथे लिहीत नाही. तिने हातातलं ताट खाली ठेवलं आणि आत गेली. तो चहा पिऊन गेला.

त्यानंतर तिने चांदीला हात लावला नाही. पुढच्या दिवाळीला निरांजन काळंच राहिलं. मी विचारलं तर म्हणाली, "तुम्ही घासा." मी घासलं नाही. मुलगी झाली, माहेरून तिला चांदीची वाटी आली, तीही शेजारच्या मल्याळी बाईकडे धुवायला दिली. बाकी घर नीट चालत होतं. स्वयंपाक वेळेवर, बोलणं कामापुरतं. मी कामावर जायचो, यायचो. मुलगा झाला. एसीचं काम वाढलं, आणखी माणसं ठेवली. नाणं डबीत पडून होतं. मी ते बघायचं बंद केलं होतं.

ऐंशीचं दशक निम्म्यावर आलं तेव्हा इंजिनिअर पुण्याला परतला होता. तेलाच्या विहिरीवरचा एक अमेरिकन साहेब देश सोडून चालला होता, त्याचे एसी मी विकत घेतले. पैशावरून आमची बाचाबाची झाली, दोघंही पुरेसे ओरडलो, आणि मग त्याने थंड पाणी दिलं. त्याच्या टेबलावर तसलाच ट्रे दिसला. मी माझी हकिगत सांगितली. म्हणाला, घेऊन ये.

नेलं. त्याने फार वेळ घेतला नाही.

"तुझ्या बायकोने दोन्ही पंखांखालचं एकेक पान बरोबर काढलं?"

"हो."

"आणि गरुडाच्या छातीवरची पिसं तशीच ठेवली?" तो खो खो हसला. "मित्रा, तिला टांकसाळीत पाठव. असा कारागीर त्यांच्याकडे नाही."

मग त्याने भिंग माझ्या हातात दिलं. झीज आधी उंच भागाची होते. गरुडाची छाती उंच, बाईचे केस उंच. पानं खोलात. पान जायचं तर छाती सपाट व्हायला हवी. इथे छातीवरची पिसं मोजता येत होती. शिवाय दोन पानांच्या मध्ये तिसऱ्याला जागाच नव्हती, तिथे तिसरं पान कधी नव्हतंच. हे नाणं जन्मापासून दोन पानांचं.

मला राग यायला हवा होता. मला सगळ्यावर राग येतो. त्या दिवशी आला नाही. मी एसी पिकअपमध्ये चढवले, दोरी आवळली, घरी आलो.

बायको तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. छाती, पिसं, पानं.

"अगं, ऐकलंस का? तुझ्या हाताने काही झालं नव्हतं. त्याने बदललं."

"ऐकलं," ती म्हणाली. "भात आत्ता टाकू की मुलं आल्यावर?"

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला फोन लावला. त्याने आवाज ओळखला.

"अहो एसीवाले! कुठली गोष्ट काढलीत इतक्या वर्षांनी? पान गेलं, गेलं. वहिनी कशा आहेत?"

"इथेच आहे. तिलाच विचारा," मी म्हणालो आणि रिसीव्हर तिच्यापुढे धरला. तिने घेतला नाही. तो तिकडून हॅलो हॅलो करत राहिला. मग लाईन खराब आहे म्हणाला आणि ठेवला. पुढे फोन केला की त्याची बायको सांगायची, घरी नाहीत.

माझ्यावर बरेच लोक उखडलेले आहेत, मीही बऱ्याच जणांना बाजारात नागवलं आहे. पण ते समोरासमोर, त्याला तोंड होतं आणि मला तोंड होतं. माझ्या बायकोने भाव केला नव्हता, नाणं मागितलं नव्हतं. मी तिला जे बोललो ते मी तुमच्या खात्यावर लिहितो, इंजिनिअरसाहेब, कारण बोलायचं कारण तुम्ही हातात दिलंत.

नाणं कुठल्या ट्रेमध्ये आहे ते मला माहीत आहे. ते मला हवं आहे. पण ते नंतर बघू. आधी आमच्या दारात या. ती समोर बसेल, मी मध्ये बोलणार नाही. त्या पाडव्याला चकली खाताना तिला काय सांगितलंत, आणि का सांगितलंत, ते तिच्या तोंडाकडे बघून सांगा. मला नको. तिला उत्तर द्या.