गुलाबी टेप

“म्याडम, एकच सांगा. नावेद जातोय का ऱ्हातोय?”

हा प्रश्न विचारणारे बापू शिवलकर तेव्हा माझ्या ट्रॅक्शनच्या टेबलावर आडवे होते. ट्रॅक्शन म्हणजे हनुवटीखाली आणि डोक्यामागे पट्टा बांधून मशीनने मान हळूहळू ताणायची. दबलेल्या नसांना जरा मोकळीक मिळते. ट्रॅक्शन चालू असताना बोलायचं नसतं. बापू एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर आहेत. आयुष्यभर ‘चालकाशी बोलू नये’ या पाटीखाली बसलेला माणूस, पण तोंड म्हणून मिटत नाही.

“कोण कुठे जातोय?” मी विचारलं.

“असा काय करतास? आख्ख्या रत्नागिरीक म्हायती हाय.”

मला माहीत नव्हतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांचे गुडघे, खांदे, कंबर हे माझं काम. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. बॉल हाताने धरला की शिट्टी वाजते, एवढंच मला ठाऊक. नावेद मात्र माहीत होता. तो माझा पेशंट. जेटीजवळच्या बर्फाच्या फॅक्टरीत कामाला आणि ‘किल्ला इलेव्हन’ या टीमचा स्ट्रायकर, म्हणजे गोल मारायचं काम ज्याच्याकडे असतं तो. लोक म्हणतात, फिट असला की त्याला अडवणारा कोकणात कोणी नाही. अडचण एवढीच, की तो फिट फार थोडा वेळ असतो. आधी घोटा, मग मांडीचा स्नायू, मग उजव्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा दोर. त्याचं ऑपरेशन झालं आणि सर्जनने त्याला माझ्याकडे पाठवलं.

“बापू, पेशंटचं मी काही सांगत नसते,” मी म्हटलं.

पट्ट्यात अडकलेल्या बापूंचे डोळे मोठे झाले. “म्हंजे जातोय!”

“अहो, मी कुठे तसं म्हटलं?”

“नाय पण नाय म्हनलास ना!”

तिथून माझी डोकेदुखी सुरू झाली. क्लिनिकमध्ये अचानक गुडघेदुखीचे पेशंट वाढले. सगळे बाप्ये, सगळे ठणठणीत. एकाचा मी डावा गुडघा तपासत होते तर तो उजवा चोळत होता. “नक्की कुठला दुखतो?” म्हटल्यावर म्हणाला, “मॅडम, जो नावेदचा दुखतो ना, तोच.” मी त्याला बाहेरचा रस्ता दाखवला. जाता जाता त्याने रिसेप्शनवरच्या मंगलताईंना विचारलं, “खाडीवाल्यांचं कोणी भेटायला येऊन गेलं का ओ?”

खाडीवाले म्हणजे ‘खाडी इलेव्हन’, समोरची टीम. मंगलताईंचं माहेर खाडीकडचं आणि सासर किल्ल्याकडचं. त्या दोन्हीकडून बातम्या आणत, आणि त्या बातम्या एकमेकींशी कधीच जुळत नसत. सकाळी नावेदचं खाडीवाल्यांशी पक्कं झालेलं असे. दुपारी फिसकटलेलं असे. संध्याकाळी तो दोघांना सोडून मुंबईच्या कुठल्याशा क्लबकडे निघालेला असे. त्याच संध्याकाळी नावेद माझ्यासमोर उताणा पडून, पायाला वाळूची पिशवी बांधून, पाय वर-खाली करत असे. कुठे जाणं सोडाच, जिना उतरतानाही कठडा धरत होता बिचारा.

मी त्याला सरळ विचारलं, “काय रे, हे काय चाललंय?”

तो छताकडे बघत हसला. “लोक बोलतात, मॅडम. बोलू दे.”

ते हसू काही मला उलगडलं नाही. म्हटलं असेल बाबा, खेळाडू लोकांचं आपल्याला काय कळतंय!

मग फोटोचं प्रकरण झालं. गुडघ्याच्या दुखण्यात कमरेएवढ्या पाण्यात चालवणं फार चांगलं. पाणी वजन पेलतं, सांध्यावर भार कमी येतो. रत्नागिरीत यासाठी वेगळा स्विमिंग पूल कशाला हवा? मी नावेदला समुद्र शांत असेल तेव्हा भाट्याला जायला सांगितलं होतं. तिथे किनारा सपाट आहे, आणि मी स्वतः जाऊन जागा दाखवली होती. खाडी इलेव्हनची प्रॅक्टिस त्याच वाळूवर असते, हे मला कोण सांगणार? कोणीतरी फोटो काढला. नावेद पाण्यातून बाहेर येतोय, मागे खाडीवाले पळतायत. फोटो सगळ्या ग्रुपवर फिरला.

बापू आपला फोन माझ्या नाकासमोर धरून उभे राहिले. “आता बोला!”

“व्यायाम करतोय तो. मीच पाठवलंय.”

“आनी ह्या?” त्यांनी बोटांनी फोटो मोठा केला. नावेदच्या गुडघ्यावर गुलाबी टेप होती.

“टेप आहे ती.”

“गुलाबी हाय!”

“मग?”

बापूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच पेशंट. किल्ल्याची जर्सी निळी. खाडीवाल्यांची गुलाबी. परदेशातल्या कुठल्याशा टीमची बघून त्यांनी शिवून घेतलेली. आणि माझी टेप त्याच गुलाबी रंगाची. किल्ल्याच्या लोकांनी ठरवून टाकलं होतं, की हीच नावेदची घोषणा.

मी कपाळाला हात लावला. ही ताणणारी टेप स्नायूला आणि सांध्याला थोडा आधार देते. ती निळी येते, काळी येते, गुलाबी येते. रंगात औषध नसतं. हे मी बापूंना दोनदा समजावलं. ते म्हणाले, “औषदाचा कोन बोलतोय?”

तोवर स्थानिक स्पर्धेची फायनल जवळ आली होती. किल्ला विरुद्ध खाडी. एका संध्याकाळी नावेद आला तो एकटा नव्हता. मागे बापू होते, किल्लेवाल्यांच्या वतीने आलेले. नावेदचा चेहरा उतरलेला.

“मॅडम, रविवारी खेळायचं म्हणतो.”

“कोण म्हणतं?”

“टीममधले सगळे बोलतात, आपला असशील तर उतर. नाही उतरलास तर समजू गेलास.”

माझं डोकंच फिरलं. “बापू, तुमची मान मी दुखेपर्यंत कधी ताणली का? मग या पोराचा गुडघा का ताणताय? हा आत्ता उतरला आणि लिगामेंट पुन्हा तुटलं तर फुटबॉल सोडा, बर्फाची लादी उचलायचे वांधे होतील!”

बापू जागचे हलले नाहीत. “बरा दिसतो की ओ चालताना.”

खेळाडूला परत सोडण्याआधी आम्ही एक टेस्ट घेतो. एका पायावर उभं राहायचं, त्याच पायावर पुढे उडी मारायची आणि त्याच पायावर टिकायचं. आधी चांगला पाय, मग ऑपरेशनचा. दोन्ही उड्या जवळपास सारख्या आल्या की पुढचं बोलायचं. नावेदची या टेस्टची वेळ आलीच होती. मी बापूंना बाहेर थांबायला सांगितलं.

“राहू दे मॅडम,” नावेद म्हणाला. “बघू दे त्यांना.”

डाव्या पायावर त्याने अशी झेप घेतली की भिंतीजवळच्या सायकलपर्यंत पोहोचला. बापूंनी टाळीच वाजवली. मग तो उजव्या पायावर उभा राहिला. गुडघा वाकवला. थांबला. पुन्हा वाकवला. मी खांद्यापाशी हात तयार ठेवून उभी होते. तो उडाला, जेमतेम एका फरशीपुरता. उतरताना पाय थरथरला आणि त्याने माझा हात घट्ट धरला.

मग बापूंच्या डोक्यात काहीतरी हललं असावं.

“मंग खाडीवाले ह्येका न्हेतायत कशाक?”

“कोणी नेत नाय, बापू,” नावेद खाली बघत म्हणाला. “एकदा पण कोण विचारायला आला नाय.”

आता गोंधळायची पाळी माझी. मला आठवलं. टेप लावताना मी निळी कापायला घेतली होती, आणि त्यानेच म्हटलं होतं, “गुलाबी लावा ना मॅडम.” मला तेव्हा गंमत वाटली होती, कारण बाप्ये सहसा गुलाबी मागत नाहीत.

“मग गुलाबी तू का मागितलीस?”

त्याने हाताने टेपची कड सारखी केली. “आधीपासून उठलेलं, नावेद जातोय म्हणून. मला बरं वाटलं, मॅडम. जातोय-जातोय बोलतात तोपर्यंत संपला असं तरी कोण बोलत नाय.”

मला रडूच फुटायचं बाकी होतं. शिकले, इतकी वर्षं पेशंट पाहिले, गुडघा इंच इंच तपासला, आणि हे दुखणं माझ्या हाताला लागलंच नव्हतं.

बापू पुढे आले. त्यांनी नावेदच्या डोक्यावर हलकी टपली मारली. “येडा का खुळा तू? चल, घरी सोडतंय तुका.” दारात वळून मला म्हणाले, “हितला हितंच ऱ्हायल, म्याडम.”

रविवारी नावेद उतरला नाही. किल्ला इलेव्हन हरली. सोमवारी मी हळूच क्लिनिक उघडलं. वाटलं, आता लोक त्याला फाडून खाणार. पण मंगलताई वेगळीच बातमी घेऊन आल्या. खाडीवाले म्हणे नावेदच्या घरी जाऊन हातापाया पडले, काय वाट्टेल ते देतो म्हणाले, पण पठ्ठ्याने साफ नाही म्हटलं. तुटलेल्या गुडघ्याने घरी बसेन, पण निळी सोडणार नाही म्हणाला. अख्खा किल्ला त्याच्या नावाने टाळ्या पिटत होता.

“कोणी सांगितलं हे?” मी विचारलं.

“बापू शिवलकर. त्यांनी म्हणे सोत्ता ऐकलं, दाराआडून.”

दुपारी फोन वाजला. पलीकडे खाडी इलेव्हनचा कॅप्टन.

“मॅडम, जरा विचारायचं होतं. आमच्यातलं कोण गेलेलं ओ नावेदकडे? सगळे बोलतात आम्ही ऑफर दिली. आम्ही एकमेकांना विचारतोय, कोण कबूलच होत नाय!”

“पेशंटचं मी काही सांगत नसते,” मी म्हटलं.

“म्हणजे दिलेली,” तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

नावेद अजून येतो. उजव्या पायाची उडी आता दोन फरशा ओलांडते. बापूही येतात, ट्रॅक्शनमध्ये बडबडतात, आणि त्या दाराआडच्या गोष्टीत दर वेळी नवी भर घालतात. टेपच्या रंगाने काही फरक पडत नाही, असं मी आजही प्रत्येक पेशंटला सांगते. नावेदला तेवढं सांगत नाही. त्याला विचारते, आज कुठला लावू?