रत्नमाला जत्रेत हरवलीच नव्हती

आदिनाथ सर शिकवायला एक नंबर, यात वादच नाही. शहरातल्या एका विद्यापीठात ते बोधात्मक मानसशास्त्र शिकवतात. म्हणजे माणूस लक्षात कसं ठेवतो, विसरतो कसा, असलं सगळं. स्मृतीवरच्या तासाला दुसऱ्या विभागातली पोरंही मागच्या बाकांवर येऊन बसतात, कारण त्या तासाला सर 'र' नावाच्या मुलीची गोष्ट सांगतात. कधी न घडलेला प्रसंग तिला कसा हुबेहूब आठवायला लागला, हे ऐकून वर्ग खो-खो हसतो. सरही हसतात. ती 'र' म्हणजे आपली सख्खी बहीण, एवढंच तेवढं सांगत नाहीत.

बाप मल्हारराव. दौलताबादच्या किल्ल्यामागच्या माळावर मेंढरं राखायचे. पोराच्या शिक्षणापायी त्यांनी कळप निम्म्यावर आणला. धाकटी रत्नमाला दहावीत असताना आई गेली, मग भाकरी थापायला कुणीतरी हवं म्हणून तिची शाळा बंद. पोरगा हुशार, त्याला कसं थांबवायचं? असा तो घरचा न्याय. रत्नमालाला वाईट वाटलंच, पण बापावर तिचा जीव होता.

पीएचडीला आदिनाथनं विषय घेतला खोट्या आठवणींचा. माणसाला त्याच्या लहानपणच्या चार गोष्टी सांगायच्या, तीन खऱ्या, एक रचलेली, आणि पुन्हा पुन्हा विचारत राहायचं. काही जणांना रचलेलीही आठवायला लागते. शेवटी मात्र खरं काय ते सांगून टाकायचं, हा पहिला नियम. विद्यार्थ्यांवर करण्याआधी यानं रंगीत तालीम घरीच केली. चुलीपुढं बसलेल्या बहिणीला म्हणाला, तू पाच वर्षांची असताना शिवरात्रीला वेरूळच्या जत्रेत हरवली होतीस, आठवतं का? आबा एडक्याच्या सौद्यात गुंतले आणि तुला तिथंच विसरून चालते झाले. एका कासारणीनं तुला सांभाळलं. आता बापाचं नाव मधे कशाला? तर दुखलं की आठवण घट्ट बसते, हे शास्त्र. वा रे शास्त्र!

रत्नमाला आधी नाही म्हणाली. मग म्हणाली, अंधुक अंधुक वाटतंय. पुढं तिनं आपणहून सांगितलं की उगी राहावं म्हणून कासारणीनं तिच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या होत्या, आणि आबा परत आले तेव्हा उलट तिलाच मारलं होतं. सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आदिनाथला आनंदानं झोप लागेना.

खरं सांगायचं राहून गेलं. राहून कसलं जातंय, यानंच ठेवलं! वर्षभर आठवण टिकते का बघू, म्हणाला. टिकली, जास्तच पक्की झाली. तेवढ्यात तिचं लग्न होऊन ती करमाडला गेली. 'र'वरचा लेख परिषदेत गाजला, नोकरी लागली, आणि मग सांगायला तोंडच उरलं नाही.

तिकडं करमाडला ती जत्रा वाढतच गेली. शाळा का सुटली, लग्न घाईघाईनं का उरकलं, सगळ्याला रत्नमालाकडं आता एकच उत्तर होतं: ह्या माणसाला लेक नकोच होती. सणावाराला माहेरी येणं थांबलं, नंतर बोलणंही तुटलं.

यंदा मल्हाररावांच्या किडन्या गेल्या. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. म्हाताऱ्याला एकच हवं होतं, लेकीनं येऊन उशाशी बसावं. तिनं फोनवर कळवलं, एडक्याच्या सौद्यापायी मला वेरूळच्या जत्रेत सोडून गेलात, वर मलाच मारलंत, ते आधी कबूल करा, मग येते. मल्हारराव चक्रावले. एक कोकरू कधी रानात राहू दिलं नाही, पोटची पोर कशी सोडीन, म्हणाले. आदिनाथ शेजारीच बसला होता. एका वाक्याचं काम होतं. पण वरच्या पदाची मुलाखत तोंडावर आलेली, आणि ज्या प्रयोगावर सगळं उभं त्यात बहिणीला कधी खरं सांगितलंच नाही, हे बाहेर फुटलं तर? मुलाखत होऊ दे, मग सांगू, असं म्हणून हा शहाणा मूग गिळून बसला. रोज येऊन बापाचे पाय तेवढे चेपायचा. लाज कशी वाटली नाही, देव जाणे.

बाप पडल्या पडल्या विचार करत राहिला. पोरगी उगाच कशाला म्हणेल? एकदा त्यानं विचारलं, वेरूळला आपण एडका बघितला होता का रे? आदिनाथ म्हणाला, बघितला असेल. दोन-चार दिवसांत त्या एडक्याला रंग आला, शिंगं आली. हे काय चाललंय ते आदिनाथइतकं कुणाला कळणार? तरीही तो थांबला.

निवड झाली. आज सांगायचंच असं ठरवून तो पेढे घेऊन दौलताबादला गेला. दारात रत्नमालाच्या चपला होत्या. म्हाताऱ्यानं शेजाऱ्याकडून फोन लावून तिला बोलावून घेतलं होतं, आणि आता तिचा हात धरून ते सांगत होते, "व्हय माय, मीच सोडलं तुला. काळ्या तोंडाचा एडका व्हता. तुझ्या अंगात पिवळं परकर-पोलकं व्हतं. लई रडत व्हतीस, अन् मी वरून मारलं."

पिवळं परकर-पोलकं तर आदिनाथनंसुद्धा रचलं नव्हतं.

रत्नमालानं हात सोडवून घेतला. "कबूल करा म्हणत व्हते मी," ती म्हणाली, "पण मनात वाटायचं, आबानं नाय म्हणावं. खोटं निघावं समदं."

ती उठली तसा आदिनाथ आडवा आला. प्रयोग, लेख, नोकरी, सगळं त्यानं एका दमात ओकलं. रत्नमालानं ऐकून घेतलं आणि विचारलं, बापाला वाचवायला आणखी किती खोटं बोलशील, भाऊ? मग त्यानं बापाचे पाय धरले. आबा, तुम्ही तरी सांगा, आपण त्या साली वेरूळला गेलोच नव्हतो.

मल्हाररावांनी पाय ओढून घेतले.

"त्याचं ऐकू नको, माय," ते लेकीला म्हणाले. "लहान व्हता तो. त्याला काय आठवतंय?"

रत्नमाला करमाडला निघून गेली. बापाच्या मातीलाही ती आली नाही.