अंधाऱ्या न्हाणीतल्या टाइल्स

ताईच्या खोलीत पाय ठेवला आणि फिनाईलचा वास आला नाही. ओव्याच्या धुरीचा आला, तेलाचा आला, ओल्या कपड्यांचा आला. बाळाला सात दिवस झाले होते. मी सौंसरहून सकाळच्या बसनं पांढुर्ण्याला आले होते, पिशवीत त्याच्यासाठी टोपडं होतं.

"माय, न्हाणी घासली नाही का?"

"कायले घासाची?" आई म्हणाली. "तूच तं लिहलं हाय, घासाचं काम नाई म्हनून."

खोलीच्या कोपऱ्यातली ती न्हाणी मीच आणलेल्या टाइल्सची होती. सौंसरच्या बाहेर एका लहान कारखान्यात मी काम करते. टाइलवर चित्र छापतात तशाच प्रिंटरनं आम्ही चित्राऐवजी एक थर छापतो. शाईत असते ती पांढरी भुकटी, रंगाच्या डब्यात असते तीच, फक्त फार बारीक दळलेली. बाटली नीट न हलवता भरली तर ती तळाशी बसते आणि नोझल तुंबतं. छापलेला थर भट्टीत पक्का होतो, डोळ्यांना दिसत नाही. त्यावर ऊन पडलं की टाइलवरची घाण आणि जंतू हळूहळू नष्ट होतात.

'ऊन पडलं की' आणि 'हळूहळू' हे शब्द मी टाइल्सच्या पत्रकातून गाळले होते.

आमच्या घरात पुस्तकं थोडी होती, पत्रकं पेटीभर. वडील नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीवर कामाला. संध्याकाळी विहारातून येताना ते कधी मजुरीवरचं पत्रक आणायचे, कधी पाण्यावरचं. त्यांवरच मी वाचायला शिकले. वडील म्हणायचे, पत्रकातलं वाक्य एका दमात म्हणता आलं पाहिजे, नाही तर ते वाचणाऱ्यासाठी नाही, लिहिणाऱ्यासाठी आहे. म्हणून मालकानं टाइल्सचं पत्रक, इथं मध्य प्रदेशात चालतं तसं, फक्त हिंदीत काढायचं ठरवलं तेव्हा मी भांडले. न्हाणी घासतात बायका, त्यांच्या बोलीजवळचं काहीतरी लिहा म्हटलं. मालक म्हणाले, मग तूच लिही. मी लिहिलं: 'तुम्ही घासू नका, टाइल स्वतःला घासते.' बायकांचं एक ओझं उतरवलं, असं मला खरंच वाटलं होतं.

आता त्या खोलीच्या एकुलत्या खिडकीवर घोंगडं ठोकलेलं होतं. दाराला जाड चादर. आमच्याकडे बाळंतिणीची खोली अशीच असते. वारं लागू नये, नजर लागू नये. आत दिवसभर झिरोचा बल्ब. हे मला लहानपणापासून माहीत होतं. पत्रक लिहिताना मात्र एकदाही आठवलं नव्हतं.

दुकानदारांना दाखवायला माझ्या पिशवीत निळा रंग भरलेली छोटी बाटली असते. टाइलवर थेंब टाकायचा, उन्हात ठेवायचा, तासा-दोन तासांत निळा रंग उडतो. मी न्हाणीच्या भिंतीवर एक थेंब टाकला.

"काय करून राहिली वो?" ताईनं खाटेवरून विचारलं. "आता भिंतीले काजळ लावतं का?"

"पाहून राहिली," मी म्हटलं.

दुपारी जेवणं झाली. थेंब सकाळइतकाच निळा होता. त्याच्या खाली, जोडाच्या सिमेंटमध्ये, बोट लावलं तर बुळबुळीत लागत होतं. याच न्हाणीत आई रोज बाळाला पायांवर घेऊन आंघोळ घालत होती.

मी घोंगड्याला हात घातला.

"खिडकी उघडू नोको," आई म्हणाली. "लेकराले वारं लागन."

"माय, ऊन नसलं तर ह्या टाइल्स साध्याच आहेत. साध्याच. न्हाणी रोज घासायला पाहिजे होती."

"मंग तसं लिहाचं होतं."

तेवढ्यात ताई म्हणाली, आज हा दूध ओढून नाही राहिला. साधं सांगितलं, पाऊस थांबला म्हणावं तसं. मी लंगोट सोडला. बेंबीभोवती लाल झालं होतं, लाल भागाला हात लावला तर गरम. लंगोट न बांधताच मी बाळाला दुपट्यात गुंडाळलं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरबाईंनी ताप मोजून बाळाला लगेच भरती केलं. बेंबीला काय लावलं, असं विचारलं. आईनं मान खाली घालून सांगितलं, हळद-तेल. डॉक्टरबाई म्हणाल्या, तेलानंही होतं, न्हाणीच्या घाणीनंही होतं, ते आता सांगता येणार नाही. आईनं माझ्याकडे पाहिलं. तेलाचं ऐकून मला हायसं वाटलं आणि दुसऱ्याच क्षणी त्याची शरम वाटली.

वाचणाऱ्याला टांगून ठेवणं मला पटत नाही, म्हणून सांगते: भाचा आता रांगतो. पण त्या दिवशी हे कोणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळीही ताप उतरलेला नव्हता. नर्स सुईसाठी त्याच्या हाताची शीर शोधत होती, तेव्हा मला आठवलं की कारखान्यातून उरलेल्या टाइल्स माझ्याबरोबर आणखी एकानं नेल्या होत्या. भट्टीवर काम करणारा, तिगावचा. बायकोच्या बाळंतपणासाठी न्हाणी बांधून राहिलो, असं तो सांगत होता. फोन लावला, बंद होता.

मी ऑटो करून तिगावला गेले. दारात त्याची आई बसली होती, कापसाच्या वाती वळत. खिडकीवर पोतं टांगलेलं, म्हणजे बाळंतीण आत होती.

"मावशी, न्हाणी घासता का रोज?"

"नाई वो बाई. ते टाइल आपनच घासते. चिट्ठीत लिहून हाय."

"चिट्ठी चुकीची आहे. ऊन लागतं तिला. तुमच्याकडे अंधार आहे."

"कोनं लिहली मंग असी?"

"मी."

तिनं वात खाली ठेवली. मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "सिकलेली दिसतं," ती म्हणाली.

"बाळाची बेंबी कशी आहे? दूध पितो का?"

"काल पेला. आज सकाळपासून झोपूनच हाय." हे बोलता बोलताच तिचा चेहरा बदलला.

मी आत जायला निघाले तर तिनं हात आडवा धरला. सव्वा महिना परकं माणूस आत येत नाही. मी वाद घातला नाही. फक्त म्हटलं, आधी फडकं सोडून बेंबी पाहा, लाल आहे का, गरम आहे का. ऑटो थांबवून ठेवली आहे.

ती चादर बाजूला करून आत गेली. मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले. खाट करकरली. ती सुनेला हलक्या आवाजात काहीतरी म्हणाली. मग ती बाळाला फडक्यात गुंडाळून बाहेर आली आणि "गरम हाय वो," म्हणत सरळ ऑटोकडे निघाली.