सिंधूबेन आडव्या आल्या तेव्हा

बॉल हातातून सुटल्यावर तो बास्केटमध्ये पडतोय की नाही हे बघत उभी राहिलेली मुलगी सिंधूबेन सरळ मैदानाबाहेर काढत. पडला तरी काढत. “काय देखी राह्यनी व? तो काय तुना नवरा शे?” असं त्या आपल्या फाटक्या आवाजात अहिराणीत ओरडत, आणि बाहेर काढलेल्या मुलीने मग भिंतीला टेकून सराव संपेपर्यंत आपली मान खाली घालून उभं राहायचं. मी पहिल्याच आठवड्यात अशी भिंतीला लागले. इतका राग आला होता! अहो, आयुष्यातलं पहिलं बास्केट माझं, आणि ते बघायचंसुद्धा नाही? त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. “हवामधला बॉल कोनाना नही. तू आते कोठे जाशी ते सांग.”

सुरतेच्या नवागाममधल्या आमच्या मराठी शाळेत त्या खेळाच्या शिक्षिका होत्या. माहेर धुळ्याचं, सासर सुरतेचं, नवरा लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, मास्तर. सुरतेत शिकवणारी बाई म्हणजे ‘बेन’, म्हणून त्या सिंधूबेन. शाळेत मराठी शुद्ध बोलत, मैदानावर पाय पडला की अहिराणी सुटे. उंची अशी, की भाजीच्या बाजारातही आधी त्यांचं डोकं दिसे. आमच्या आया त्यांच्याकडे बघून हळहळत की एवढ्या उंच बाईला नवरा मिळाला तरी कसा. मीही त्यांच्याच वळणाची, लांबोडकी. लाजेनं पोक काढून चालायचे. बेननी पहिल्या दिवशी माझ्या पाठीत असा दणका घातला की आठ दिवस मी पोक काढूच शकले नाही.

मैदान म्हणजे शाळेमागचा सिमेंटचा चौक. एका फॅब्रिकेशनवाल्याकडून रिंग वेल्ड करून घेतलेली, तिला जाळी कधी नव्हतीच. भिंतीपलीकडे लूमचं खातं. त्या खटाखटीत शेजारच्या मुलीचं बोलणं ऐकू येत नसे. मी एकदा तक्रार केली तर म्हणाल्या, “बरंच आहे. उद्या हजार माणसं ओरडतील तेव्हा तुला सवय असेल.” हजार माणसं! आमची मॅच बघायला तेव्हा दोन कुत्री आणि चौकीदार असायचा.

पण बाईंच्या डोक्यात हजार माणसं कायम बसलेली असत. फ्री थ्रो टाकायला उभं केलं की त्या रिंगखाली येऊन आम्हाला वाट्टेल ते बोलायच्या. कुणाच्या नाकावरून, कुणाच्या आईच्या भाकरीवरून. मला म्हणायच्या, “हिची अक्कल गुडघ्यात, आणि गुडघे बघा कुठे आहेत ते!” सगळ्या खिदळायच्या. मी चिडून फेकला की बॉल हमखास रिंगला आपटून परत. “चिडलीस ना? बॉलला कळलं बघ.” मग शांतपणे जवळ यायच्या, माझा श्वास जागेवर येईपर्यंत थांबायच्या, आणि पुन्हा रिंगखाली जाऊन शिव्या सुरू.

डिफेन्स शिकवताना आमचे हात आमच्याच ओढण्यांनी मागे बांधत. बॉल घेऊन येणारीला फक्त पायांनी अडवायचं. “आधी पाय, मंग हात. हात काय, भाकरी थापतानाबी चालतस.” समोरचीच्या डोळ्यांकडे बघू द्यायच्या नाहीत, कंबरेकडे बघायला लावायच्या, डोळे इकडे दाखवून माणूस तिकडे जातो, कंबर मागे ठेवून कुठे जाणार? आणि एक गोष्ट त्या आवाज खाली आणून सांगत. समोरचीचा दुखरा पाय शोधायचा. सापडला की त्याच बाजूनं जायचं, दर वेळी. “दया घरी करायची. मैदानावर दया केली म्हणजे तिला खेळाडू मानलं नाही.”

त्यांचा स्वतःचा उजवा गुडघा दुखरा होता. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. कॉलेजात असताना त्यांना एका सरकारी संघाच्या निवडीला बोलावलं होतं. म्हणजे नोकरी, खेळायचं आणि त्याचाच पगार घ्यायचा. निवडीच्या आदल्या दिवशी सरावात गुडघा गेला. मग लग्न, मग सुरत. गुडघ्याला त्या सलवारीवरूनच गरम पट्टा बांधून असत आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला तर चौकाला चकरा मारायला लावत.

चौऱ्याण्णव साली मला तसंच बोलावणं आलं. बडोद्याला निवड, दसऱ्यानंतर. आप्पा, म्हणजे माझे वडील, आधी तयारच नव्हते. दिवाळीनंतर गावाकडच्या एका मुलाशी सोयरीक जवळजवळ ठरली होती. शेवटी म्हणाले, “जा. घेतलं तर नोकरी कर. नाही घेतलं तर मग माझ्यापुढे बॉलचं नाव काढायचं नाही.” मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आणि गणपती बुडवून आठवडा झाला नसेल, सुरतेत प्लेगची आवई उठली. आवई कसली, माणसं मरत होती. अख्खं नवागाम रात्रीतून रिकामं व्हायला लागलं. नाकाला रुमाल बांधून आम्ही कसेबसे गाडीत कोंबलो गेलो आणि पारोळ्याकडच्या आमच्या गावी पोचलो, तर गावानं वेशीवरच अडवलं. सख्ख्या काकांनी लांबूनच सांगितलं, “मळ्यात राहा. भाकरी बांधावर ठेवत जाऊ.” आई रडली.  मला तर मळ्यात बसून एकच घोर लागलेला, बॉल नाही, रिंग नाही, निवड तोंडावर आली आणि हाताची सवय सुटतेय.

दसरा झाला, आणि एक दिवस दुपारच्या उन्हात मळ्याच्या वाटेनं सिंधूबेन लंगडत येताना दिसल्या. खांद्याला पिशवी, पिशवीत बॉल. त्या सुरत सोडून कुठे गेल्याच नव्हत्या. आप्पा उठून उभे राहिले. “बेन, पोरीला पुन्हा त्या रोगात न्यायची?”

“सुरतेत नाही, बडोद्याला नेते. सुरतेत फक्त गाडी बदलायची.”

“आणि काही झालं म्हणजे?”

“मी आहे ना बरोबर,” बेन म्हणाल्या. जणू प्लेग त्यांना घाबरत होता! आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी बॉल छातीशी धरून आधीच उभी होते. मग ते बैलांना पाणी पाजायला निघून गेले, आणि त्यालाच आम्ही होकार समजलो.

बडोद्याच्या मैदानावर नावं लिहून घेणाऱ्यानं विचारलं, “कहाँ से?” मी म्हटलं, सुरत. त्याचं पेन थांबलं. रांगेतल्या मुली बाजूला सरकल्या, आणि बघता बघता ओढण्या आणि रुमाल नाकावर चढले. बेननी पिशवीतून मला रोग नसल्याचा डॉक्टरांचा कागद काढून त्याच्यापुढे धरला. त्यानं तो हातात घेतला नाही, लांबूनच वाचला आणि म्हणाला, “ठीक छे, रमो.” म्हणजे खेळा.  बेन कानाशी म्हणाल्या, “तुले कोन रोकी राह्यनं? जाय.”

खरंच कुणी रोखलं नाही हो. पाच-पाच मुलींचे संघ पाडून खेळायला सुरुवात झाली. माझ्या हातात बॉल आला की समोरची मुलगी दोन हात मागे. मी पुढे गेले की ती आणखी मागे. मी टाकला, पडला. पुन्हा टाकला, पुन्हा पडला. माझा आनंद गगनात मावेना. सोयरीक गेली उडत, असं मनात म्हणत मी बेनकडे पाहिलं, तर त्यांचा चेहरा काळाठिक्कर पडलेला.

निवड करणारे साहेब त्यांच्याशी बोलत होते. धंद्याची गोष्ट बोलावी तसे शांत. “बेन, लड़की का हाथ अच्छा है. लेकिन अकेले में तो सब डालते हैं. मैं क्या देखूँ? कोई पास जाएगा तो पता चले ना.” त्यांनी शिटी वाजवून मुलींना सांगून पाहिलं, तिला अडवा म्हणून. मुली खाली बघत उभ्या. एकीचे तर डोळे भरून आले होते. तिलाही घरी आईबाप असतील, तिचंही काय चुकलं? साहेबांनी खांदे उडवले. मला समजलं, हे मला आता घरी पाठवणार. बास्केटं पडताहेत आणि घरी पाठवणार! 

तेव्हा बेननी ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि आत आल्या. “मी अडवते,” साहेबांना म्हणाल्या. “तुम्ही बघा.”

मला वाटलं, माझी बाजू सावरायला आल्यात, थोडं अडवल्यासारखं करतील. पहिला टप्पा मारला आणि माझा हात रिकामा. बॉल बेनकडे! त्यांनी तो माझ्या छातीवर परत फेकला. “घे.” पुन्हा निघाले, तर त्यांचं कोपर बरगडीत असं बसलं की डोळ्यांपुढे काजवे. पुन्हा बॉल गेला. अंगाला अंग घासत होतं, त्यांचा घाम माझ्या दंडाला लागत होता. त्या मैदानावर सकाळपासून मला कुणी शिवलं नव्हतं, आणि ज्यांनी शिवलं त्या मला संपवायला निघाल्या होत्या. मी हळूच म्हटलं, “बेन, अहो…” त्यांनी ऐकलं नाही. माझ्या कंबरेवर नजर रोखून त्या उभ्या होत्या, आणि त्या नजरेत ओळखीचं काही नव्हतं. मला त्यांची भीती वाटली. अगदी खरं सांगते, प्लेगची वाटली नव्हती तेवढी.

साहेब घड्याळ बघायला लागले होते.

आणि मग मला तो पट्टा दिसला. त्यांचा उजवा पाय, म्हणजे माझी डावी बाजू. दिसल्यावर मी विचार केला नाही. केला असता तर जमलं नसतं. खांदा उजवीकडे टाकला आणि डावीकडे सुटले, जितक्या जोरात सुटता येईल तितक्या. बेननी ओळखलं होतं. त्यांचा पाय माझ्या आधी तिथे पोचला, टेकला, आणि वळला. मागे धप्पकन आवाज आला. मी थांबले नाही. रिंगखाली गेले, टाकला, आणि वळून धावतच परत आले.

त्या सिमेंटवर गुडघा धरून बसल्या होत्या, ओठ पांढरे. मी जवळ जायला लागले तर अंगावर खेकसल्या, “खेळ!” मघाची ती रडवेली मुलगी सगळ्यांच्या आधी पुढे आली. नाकावरचा रुमाल तिनं खाली ओढला, बेनच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं, बाकावर बसवलं, आणि परत येऊन माझ्यासमोर उभी राहिली. अंतर न ठेवता. मग बाकीच्याही आल्या. आता मार बसू लागला, धक्के बसू लागले, आणि मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू! पुढचा अर्धा तास मी पडले, उठले, चुकले, टाकले.

संध्याकाळच्या आधी नावं वाचली. माझं होतं. मी बाकाकडे धावले तेव्हा साहेब आधीच तिथे वाकून उभे होते. “बेन, आपकी उम्र क्या है?” बेन बसल्याबसल्या एकदम ताठ झाल्या. खरं वय सांगितलं. साहेबांनी जरा थांबून मान हलवली आणि पेनाला टोपण लावलं. “पच्चीस तक ही ले सकते हैं,” म्हणाले आणि निघून गेले.

परतीच्या गाडीत सुरतेकडे जाणारं कुणी नव्हतंच. बेननी समोरच्या बाकावर पाय लांब केला होता. गुडघा सुजून भोपळा झालेला. तो गुडघा पुढे कधी नीट झाला नाही. आज बेन नाहीत, पण अखेरपर्यंत त्या काठी टेकतच मैदानावर येत राहिल्या. मला त्याचं वाईट वाटतं. पण मी चुकले असं मात्र कधी वाटलं नाही. तसं वाटलं असतं आणि त्यांना कळलं असतं, तर त्यांनी मला भिंतीला उभं केलं असतं.

त्या दिवशी मात्र माझ्या मनात एक किडा वळवळत होता. भरूच गेल्यावर मी विचारलंच. “बेन, तुम्ही मला मुद्दाम जाऊ दिलंत ना?”

असा भडका उडाला! “मुद्दाम? मी तुले पाडाले उभी व्हती! पाय चांगला राहता ते तू आज रडत घर जाती!” आजूबाजूला कुणी नव्हतं म्हणून बरं. माझं कौतुक नाही, नोकरीबद्दल एक अक्षर नाही, खिडकीकडे तोंड करून बसल्या.  बाहेर उसाची शेतं मागे जात राहिली.

बऱ्याच वेळानं, खिडकीतून तोंड न वळवता, त्या अगदी हळू बोलल्या. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. “अलके, तेस्नी मन्ही उमर कसाले इचारी व्हई?”

म्हणजे, माझं वय त्यांनी कशाला विचारलं असेल. एवढी मोठी बाई, मला विचारत होती.

मी म्हटलं, “घ्यायचं होतं त्यांना तुम्हाला. वय बसलं असतं तर तुम्हालाच घेतलं असतं, बेन. मला नाही.”

त्यांनी डोळे मिटले. “आखो सांग,” म्हणाल्या. पुन्हा सांग.

मी पुन्हा सांगितलं. सुरत येईपर्यंत सांगत राहिले.