ऑपरेशनचं केळवण

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, टेबलावर जेवत नाहीत. पाचोडच्या घरी भावानं हौसेनं डायनिंग टेबल आणलं, त्यावर आता इस्त्रीचे कपडे पडलेले असतात. अण्णा स्वयंपाकघरात भिंतीला टेकून मांडी घालतात आणि ताट खाली ठेवून जेवतात. लहानपणी त्या ताटात माझा अर्धा वाटा असायचा. येसराच्या आमटीत ज्वारीची भाकरी कुस्करायची, मधे बोटानं चर पाडायचा, अलीकडचं माझं, पलीकडचं त्यांचं. आई ओरडायची, एवढी घोडी झाली तरी बापाच्या ताटात जेवते म्हणून. मी कशाला ऐकते!

आई गेली तोवर माझं वजन इतकं वाढलं होतं की मला खाली बसताच येत नव्हतं. बसले तर उठवायला दोन माणसं लागायची. मग मी माहेरी गेले की अण्णा खाली आणि मी शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत, ताटली हातात घेऊन. वरून मला त्यांची टाळू दिसायची. आईवाचून ते एकटे जेवत होते आणि मी हातभर अंतरावर असून उपयोगाची नव्हते. बीपीचा, शुगरचा, लोकांच्या बोलण्याचा मला एवढा त्रास कधी झाला नाही. बारीक दिसायची हौस कधीच सरली होती. मला फक्त खाली बसायचं होतं, अण्णांना भाकरी चावता येतेय तोवर.

चालणं झालं, काढे झाले, डाएटवाल्या बाईचे डबे झाले. शेवटी वजन कमी करायचं ऑपरेशन करायचं ठरलं आणि सर्जन शोधायला मी आणि नवरा निघालो. पहिले भेटले ते काचेच्या मोठ्या हॉस्पिटलातले. गोड बोलले, बायकांचे आधीचे-नंतरचे फोटो दाखवले आणि लगेच तारीख देऊन टाकली. दुसऱ्या एक बाई होत्या, छोट्या दवाखान्यातल्या. त्यांनी फोटो-बिटो काही दाखवलं नाही, उलट मलाच धारेवर धरलं. रोज जेवायला कोणासोबत बसता, आग्रह कोण करतं, राग आला की काय खाता? बाहेर आल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, हिला पोट कापायचंय का आमच्या घरची पंचायत करायचीय? असल्या चौकशा मला बिलकुल खपत नाहीत. मी फोटोवाले पक्के केले.

ऑपरेशनच्या आधी पंधरा दिवस नुसतं पातळ घ्यायला सांगितलं होतं. हे मी आमच्या पुंडलिकनगरातल्या गल्लीत बोलले, तिथंच फसले. आमच्याकडं लग्न ठरलं की नवरीला घरोघरी जेवायला बोलावतात, केळवण म्हणतात त्याला. शेजारणींनी माझं केळवणच सुरू केलं. नंतर बिचारीला काय खायला मिळणार, म्हणून एकीनं पुरणपोळ्या केल्या, एकीनं बिर्याणी, तिसरीनं तर जेवण झाल्यावर माझी ओटी भरली. नाही म्हणायचा माझा स्वभाव नाय, आणि खायला नाही म्हणायचा तर मुळीच नाय.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी अण्णा आले. एसटीत मांडीवर स्टीलचा डबा धरून आणलेला. वहिनीकडून येसर करून घेतलं होतं, फडक्यात भाकरी होत्या. त्यांनी सवयीनं ताट खाली ठेवलं, माझ्याकडं बघितलं आणि परत उचललं. मग आयुष्यात पहिल्यांदा अण्णा आमच्या टेबलापाशी खुर्चीत बसले, पाहुण्यासारखे अवघडून. भाकरी कुस्करली. मधे चर पाडला.

"तुला मनाई हाय, ठावं हाय मला," ते म्हणाले. "पण नंतर तू माझ्या ताटात जेवशील का नाय, कोणाला म्हाईत."

मी जेवले. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि मी जेवत होते, अगदी ताट चाटूनपुसून.

मग मात्र मी घाबरले. मोठ्या हॉस्पिटलात फोन केला, पंधरवडाभर काय काय खाल्लं ते सगळं सांगितलं. तिकडची बाई हसून म्हणाली, चालतंय हो ताई, उद्या या. मला हेच ऐकायचं होतं, तरी जीव काही थाऱ्यावर येईना. त्याच दुपारी अण्णांना सोबत घेऊन त्या चौकशा करणाऱ्या डॉक्टरबाईंकडं गेले.

त्यांनी सोनोग्राफी केली आणि सरळ सांगितलं, मी तुम्हाला हात लावणार नाही. लिव्हर चरबीनं फुगलेलं आहे, ते उचलून धरून त्याच्याखाली मला काम करायचं असतं. पंधरा दिवस पुन्हा पहिल्यापासून. माझं टाळकंच सरकलं. मी म्हटलं, माझ्याकडं एवढा वेळ नाय. कशासाठी घाई, त्यांनी विचारलं. मी ताटाचं, खुर्चीचं, सगळं बोलून गेले. अण्णा मान खाली घालून ऐकत होते. मग त्यांनीच विचारलं, "बाई, ही माझ्या ताटात जेवंल का?"

"तुमच्याजवळ बसेल, बाबा. दोन-चार घास जेवेल," त्या म्हणाल्या. "पण त्यासाठी आधी ती माझ्या टेबलावरून धड उठली पाहिजे."

जिना उतरताना अण्णा कठडा धरून थांबले. "हिच्याकडनंच करून घे," म्हणाले. "ही नाय म्हणती. आपल्यात तुला नाय म्हणणारं कोणीच नव्हतं."

पुन्हा पातळावर राहिले. शेजारणींना दारातूनच परत पाठवलं, दोघी अजून फुगून आहेत. ऑपरेशन नीट झालं. त्यानंतर कित्येक महिने मला भूक अशी लागलीच नाही, आणि भुकेची एवढी आठवण येईल असं कधी वाटलं नव्हतं. कुणाच्या घरातून फोडणीचा वास आला की मी खिडकीशी उभी राहायचे. खावंसं वाटायचं नाही. खावंसं वाटावं, असं वाटायचं.

परवा पाचोडला गेले. भिंतीला हात टेकत खाली बसले, मांडी घातली, कुणाला धरावं लागलं नाही. अण्णांचा चेहरा कितीतरी वर्षांनी समोरासमोर बघितला. वहिनीनं येसर वाढलं. अण्णांनी भाकरी कुस्करली, चर पाडला, अगदी बरोबर मधोमध. मी तीन घास खाल्ले, सावकाश चावून. चौथा हातात घेतला आणि खाली ठेवला. माझ्याकडची बाकी सगळी भाकरी तशीच राहिली.

अण्णा पूर्वी गपागप जेवून मोकळे व्हायचे. आता बघते तर चिमणीएवढे घास घेतायत, चावतायत, थांबतायत. दात दुखतायत का, मी विचारलं.

"नाय," ते म्हणाले. "माझं उरकलं की तू उठशील."