वांगं खाऊन मेलेला माणूस

दादा मेल्याची बातमी मी आयुष्यभर ऐकत आले. माझा हा मोठा भाऊ पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांतला नट. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की कोणीतरी हमखास भेटायचं, ‘बाई, तुमचे भाऊ काय मेले जी! रडून रडून थकलो आमी.’ म्हणून गेल्या महिन्यात मुलचेऱ्याला, मी शिकवते त्या शाळेच्या मधल्या सुट्टीत, ‘भाऊ गेले’ असा फोन आला, तेव्हा माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, ‘कोणत्या गावी?’ ...पलीकडे वहिनी रडत होत्या.

त्याच्या सगळ्या मरणांत एक मरण आमच्या घराला फार महागात पडलं. बीटी वांग्याला, म्हणजे जनुकं बदललेल्या नव्या बियाण्याला, परवानगी द्यावी की नाही, यावर तेव्हा सगळीकडे वाद पेटला होता. सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावातही सभा झाली. बियाण्याच्या बाजूचे साहेब आधी बोलले. कीड लागणार नाही, फवारणी वाचेल, असं सांगत ते कागदामागून कागद वाचत राहिले आणि लोक जांभया देत राहिले. विरोधकांनी दादाला उभं केलं. त्यानं त्यांना आधीच विचारलं होतं, ‘हे खाऊन मेलं का कोणी?’ माणसं प्रामाणिक होती. नाही म्हणाली, पण आणखी तपासणी व्हायला हवी. दादा म्हणाला, ‘तपासनी पायजे म्हटलं तं टाळी नाई पडत.’ मग त्यानं मंचावर हसत हसत वांग्याचा घास घेतला आणि असा तडफडून मेला की बायकांनी तोंडाला पदर लावले. टाळ्या थांबेनात. खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला होता.

वहिनी नदीकाठच्या तुकड्यात गावरान वांगी लावायच्या. घर त्यावरच चालायचं. पुढच्या बाजारी त्यांची टोपली गेली तशी भरलेली परत आली. बीटी वांगं अजून बाजारात आलंच नव्हतं, पण लोकांनी वांगंच सोडलं. वहिनी एवढंच म्हणाल्या, ‘तुमी मेले जी, पोट आमचं गेलं.’

दादा त्यांच्यासोबत बाजारात बसू लागला. ‘हे आपलं गावरान होय बाप्पा! ते तं नाटक होतं!’ लोक हसून पुढे जायचे. शेवटी त्यानं डब्यात भात आणि भाजलेलं वांगं नेलं आणि सगळ्यांसमोर खाल्लं. एक म्हातारी निरखून बघत होती. म्हणाली, ‘भाऊ, तवा बी तुमी असेच हासत खाल्लं. मंग मेले.’

त्या संध्याकाळी तो माझ्याजवळ लहान पोरासारखा रडला. ‘तपासनी पायजे हे खरं होतं न वो. मी खोटा काऊन मेलो?’

मग दर बाजारी दादा, डबा आणि वांगं. लोक घुटमळायचे, हा खरंच धड आहे ना ते पाहायचे आणि अर्धा किलो घेऊन जायचे. हळूहळू टोपली रिकामी व्हायला लागली, तर इकडे तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं दादाचा घसा धरला, कॅन्सर झाला. शेवटचा भेटला तोही बाजारातच. घास तोंडात ठेवून गिऱ्हाइकाकडे पाहून हसला, आणि गिऱ्हाईक वळताच त्यानं तो रुमालात काढून टाकला. गिळता येत नव्हतं. माझी नजर पडली, तर मला डोळा मारला... मेल्याला तेव्हाही नाटकच सुचत होतं.

तेरवीनंतरच्या पहिल्या बाजाराला मी वहिनींसोबत गेले. टोपली मांडून झाल्यावर त्यांनी सवयीनं डबा उघडला, शेजारच्या रिकाम्या पोत्याकडे पाहिलं आणि तो माझ्याकडे सरकवला. मी दादाच्या पोत्यावर बसले. घास तोंडात ठेवला, डोळे भरून आले. समोर दोन बायका थांबल्या होत्या.

‘हासून खा बाई,’ वहिनी हळूच म्हणाल्या, ‘लोकं पाहून राह्यले.’

मी हसले.